घरगाडीचा मुक्काम

गाडी थांबली की मनकर्णा आधी कान टवकारायची. पत्र्याच्या भिंतीपलीकडे तिचा नवरा, श्रावण रामटेके, कुणाशी तरी बोलत असायचा. तिला दिसायचं काहीच नाही. खाटेवर पडल्या पडल्या खिडकीतून आभाळाचा तुकडा आणि विजेची तार, बस. पण समोरचा माणूस पहिलं वाक्य कसं उचलतो, त्यावरूनच तिला कळायचं, की इथे टेकायला मिळणार की पुन्हा हलायचं.

श्रावणची उभी हयात माजरीच्या कोळसा खाणीवर वेल्डिंग करण्यात गेली होती. तो निवृत्तीला आला आणि त्याच सुमाराला मनकर्णाच्या उजव्या अंगावरून लकवा गेला. हात-पाय लुळे पडले, जीभ जड झाली. ती बोलायची ते श्रावणला नीट कळे, शेजारणीला अर्धंमुर्धं, आणि परक्याला काहीच नाही. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडायचं आणि नागभीडजवळच्या गावी, वडिलांच्या दोन खोल्यांत जाऊन राहायचं, असं ठरलं होतं. सामानाची बांधाबांध सुरू झाली तेव्हा मनकर्णा त्याला म्हणाली, "तिथी एकदा जाऊन पडली का मंग मले भिंतच दिसन. त्याच्या आधी काई तरी दाखवा मले."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. चंद्रपूर इतकं जवळ, पण तिने ते पाहिलं होतं सरकारी दवाखान्याच्या वऱ्हांड्यातून. एरवी घर, पोरं, नळाची रांग. पोरं शिकली, नागपूरला जाऊन नोकरीला लागली, आणि पाय मोकळे व्हायची वेळ आली तेव्हा पायच राहिले नाहीत.

पण तिला न्यायचं कसं? एसटीच्या पायऱ्या तिला चढता येत नव्हत्या. लॉजचे जिने कसेबसे चढवले, तरी संडासात तिला बसवणार कसं? श्रावणने मग भंगारातून दोन चाकांचा एक ट्रेलर आणला आणि त्यावर लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा उभा करून वरून पत्रा ठोकला. आत खाट, स्टोव्ह, पाण्याचा पिंप, आणि पडद्याआड मधोमध भोक पाडलेली खुर्ची. जुनी जीप त्याच्याकडे होतीच. जीपच्या मागे ते सगळं जोडलं तेव्हा अख्खी कॉलनी बघायला लोटली. तिथेच कुणीतरी त्याला घरगाडी म्हटलं, आणि तेच नाव राहिलं.

पहिला दिवस छान गेला. भद्रावतीच्या विजासन लेण्यांपाशी श्रावणने तिला पाठीवर घेतलं. आतल्या थंड काळोखात भगवान बुद्धाची दगडातली मूर्ती बघताना तिने डावा हात नवऱ्याच्या खांद्यावरून सोडवला आणि कपाळाला लावला. दर्शनाला आलेल्या बायांनी तिला खाली बसायला पदर पसरून दिला, एकीने डब्यातली भाकर दिली. लेण्याच्या पायथ्याशी गाडी उभी करायला कुणी हरकत घेतली नाही. मनकर्णाला वाटलं, सगळीकडे असंच असेल.

चंद्रपुरात जटपुरा दरवाजापाशीच पंचाईत झाली. जीप कमानीतून आत गेली आणि घरगाडी तिरपी होऊन अडली. मागे रिक्षा, सायकली, एक ट्रक. शिव्यांचा पाऊस सुरू झाला. हवालदार आला. "हे काय लग्नाचं वऱ्हाड हाये का? मागं घ्या, मागं!" मागे घेणं सोपं नव्हतं, जीप डावीकडे वळवली की घरगाडी उजवीकडे जाई. श्रावणचा घाम आणि लोकांचं हसणं, दोन्ही मनकर्णाला आतून कळत होतं. दरवाजा तिने पाहिला तो इतकाच: खिडकीला घासत गेलेला काळा दगड.

रामाळा तलावाकाठी गाडी उभी केली तर बघ्यांची गर्दी जमली. नसबंदीची गाडी आली, अशी कुणीतरी आवई उठवली. आणीबाणीला दहा वर्षं होत आली होती, पण ती धास्ती लोकांच्या पोटातून गेली नव्हती. दोन म्हाताऱ्यांनी दगड उचलले. श्रावणने दार उघडून आतली बायको दाखवली तेव्हा कुठे ते निवळले. पण तिथे थांबायची त्याची हिंमत झाली नाही.

संध्याकाळी शहराच्या कडेला एक मोठं अंगण सापडलं. विहीर होती, चिंचेची सावली होती, मालक अघळपघळ माणूस होता. "बिनधास्त लावा हो, भाऊ. बाई बीमार हाये म्हणता, मंग कायले हयगय. माह्या घरचंच पाणी घ्या." मनकर्णाने सुस्कारा सोडला. श्रावणने चाकांना दगडही लावले. मग मालकाने सहज विचारलं, "आडनाव काय म्हणलं तुमचं?"

"रामटेके."

मग मालक म्हणाला, "अरे, हो. मी भुललोच पाहा. उद्या आमच्या इथी पाहुणे येऊन राह्यले. जागा लागन."

श्रावणने चाकाचे दगड काढले, ते एकावर एक आपटल्याचा आवाज तिने ऐकला. जीप सुरू झाल्यावर तिला वाटलं, खिडकीतून ओरडून त्या माणसाला काहीतरी बोलावं. पण आपण बोललो तर त्याला कळणार नाही आणि त्याला कळलं नाही तर तो हसेल, म्हणून ती गप्प राहिली. ती रात्र त्यांनी ट्रकांच्या रांगेत, पेट्रोल पंपाच्या मागे काढली.

पुढच्या रस्त्यावर श्रावण कमी बोलू लागला. मूल गावाच्या पुढे धानाच्या कापणीचे दिवस होते, बांधाबांधावर पेंढ्या पडल्या होत्या. त्याने गाडी थांबवून दार उघडं टाकलं, म्हणाला, "पाह्यजो, किती सुंदर हाये." ती बघत होती नवऱ्याकडे. त्याचे डोळे लाल झाले होते आणि आवाजात एक खरखर आली होती. वैनगंगेच्या अलीकडे पोलिसांनी गाडी अडवून पिंपाच्या बुडापर्यंत तपासली. नव्या गडचिरोली जिल्ह्यात जंगलातली बंदूकवाली माणसं आली होती, त्यामुळे अनोळखी गाडी म्हटली की संशय. अंमलदाराने तिच्या खाटेखाली काठी फिरवली, आणि जाताना "माफ करा, बाई" म्हणाला. पण काठी फिरली ती फिरलीच.

गडचिरोलीत तर मोकळी जागा म्हणून उरली नव्हती. जिल्हा झाल्यापासून जिथे तिथे कचेऱ्यांचे पाये खणलेले, विटांचे ढीग पडलेले. शेवटी बाजाराच्या मैदानात चहाची टपरी चालवणाऱ्या ताराबाईने सांगितलं, "आजची रात राहा. पण उद्या बाजार हाये, सकाळीच उठजा. बाजाराच्या ठेकेदाराचे मानसं लय वंगाळ हायेत."

सकाळी उठले खरे, पण जीप पुढे सरकेना. क्लच गेला होता. श्रावणने घरगाडी सोडवली, पुढच्या टोकाखाली लाकडाचा ओंडका दिला आणि टपरीवरच्या चार जणांना हाताशी धरून जीप ढकलत गॅरेजकडे न्यायचं ठरवलं. निघताना त्याने मनकर्णाला चहा पाजला, खुर्चीवरून उठवून खाटेवर नीट निजवलं.

"लवकर येतो. घाबरू नोको."

"दार उघडंच ठेवा," ती म्हणाली.

"बाजाराचा गाव हाये. कोणी बी घुसन." त्याने दार लोटलं. बाहेर कडी वाजली, मग कुलुपाची कळ दाबल्याचा खट् आवाज आला. यापूर्वी त्याने कधी कुलूप लावलं नव्हतं. "अवो," मनकर्णाने हाक मारली, "अवो, कुलूप कायले?" पण जीप ढकलणाऱ्यांचा जोर-लगाके सुरू झाला होता.

बराच वेळ गेला. मैदानात माणसं वाढली, बैलगाड्या आल्या, कोंबड्यांचा कलकलाट झाला. मग भिंतीवर थाप पडली.

"कोन हाये गा आत? गाडी कोनाची?"

"मी हाये!" मनकर्णा ओरडली. "मानूस हाये आत!"

बाहेरचे दोघं थबकले. "काई तरी वाजलं गा," एक म्हणाला.

"कुत्रं-बित्रं कोंडलं असन. कुलूप हाये पाय ना बाहेरून. मानूस असता तं बाहेरून कुलूप काऊन राह्यलं असतं? ये, टोचन लाव. ठेकेदार बोंबलून राह्यला."

तिने पुन्हा हाक मारली. या खेपेला भीतीने जीभ आणखीच अडखळली, घशातून नुसता घरघराट निघाला. ट्रॅक्टर सुरू झाला आणि त्यात तिचा आवाज बुडाला. साखळी लागली. घरगाडी हिसका देऊन ओंडक्यावरून उतरली आणि मनकर्णा खाटेवरून खाली पडली.

पुढचं तिला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. पिंप कलंडला, थंडगार पाणी अंगाखालून गेलं. स्टोव्ह आडवा झाला, रॉकेलचा वास डोक्यात चढला. डाव्या हाताने तिने खाटेचा पाय धरला होता आणि खड्डा आला की उजवं अंग परक्या गाठोड्यासारखं तिच्यावर येऊन आदळत होतं. आपल्याला कुठे नेतात, का नेतात, काही कळत नव्हतं. सकाळी प्यालेला चहा, पाणी, सगळं आवरून धरायचा तिने प्रयत्न केला, आणि कुठल्याशा वळणावर तेही जमलं नाही.

गाडी थांबली. साखळी निघाली. टोकाखाली कुणी काही दिलं नाही, त्यामुळे घरगाडी नाक खुपसून पुढे कलली आणि ती घसरत पुढच्या भिंतीशी आली. ट्रॅक्टर लांब गेला. मग गुरांचं हंबरणं आणि शेणाचा वास. गावाबाहेरच्या जुन्या कोंडवाड्यात, मोकाट जनावरं डांबतात तिथे, त्यांनी तिला आणून टाकलं होतं.

ती रडली नाही. रडण्याइतका श्वासच नव्हता. हाताला पाण्याचा लोटा लागला. तिने तो पत्र्यावर आपटायला सुरुवात केली. आपटायचं, थांबायचं, ऐकायचं. पुन्हा आपटायचं.

"कोन हाये व?" बाईचा आवाज आला. अगदी जवळून.

"मी. मनकर्णा."

"काय म्हनते? हळू बोल, बाई, मले समजत नाई."

मनकर्णाने डोळे मिटले, एक एक शब्द जिभेवर धरून सोडला. "मले. लकवा. हाये. दार. उघड."

"अगो माय!" बाहेरची बाई म्हणाली. "कुलूप हाये वो. थांब, मी मानसं घेऊन येतो."

"नाई!" मनकर्णाचा आवाज अचानक इतका मोठा निघाला की तिचा तिलाच धक्का बसला. "मानसं नोको. मी... खराब झाली हाये. तूच ये."

मग दगड कुलुपावर पडायला लागला. त्या बाईचं नाव गोकुळा. ती मासे धरणाऱ्या ढिवरांची बाई, तळ्याकाठी राहणारी. हरवलेली गाय शोधत कोंडवाड्यात आली होती. दगड चुकून तिच्या बोटावर बसला, तिने एक शिवी हासडली आणि पुन्हा मारायला लागली. कुलूप तुटलं नाही, पण कडीचा पत्रा फाटला आणि दार उघडलं.

उजेडात मनकर्णाला दिसला तो काळासावळा, घामेजलेला चेहरा. आणि गेल्या काही दिवसांत लोकांनी विचारून विचारून जे तिच्या ओठांवर येऊन बसलं होतं, तेच तोंडून निघालं. "आमी बौद्ध हाओत."

"मंग?" गोकुळा म्हणाली. "हात वर कर, पोलकं भिजलं हाये."

गुरांच्या हौदातून तिने पाणी आणलं. मनकर्णाला पुसलं, खाटेखालच्या पेटीतलं कोरडं लुगडं नेसवलं, विस्कटलेले केस मागे बांधले. मधेच एकदा "कोनत्या हलकटानं केलं हे?" एवढंच म्हणाली. केस बांधताना मनकर्णाला रडू फुटलं, तशी गोकुळाने तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं आणि गाय शोधायची सोडून तशीच बसून राहिली.

श्रावण आला तो धावतच. मैदानातली जागा रिकामी बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ताराबाईने ट्रॅक्टरवाल्याचं नाव सांगितलं, श्रावणने त्याला बाजारातून गचांडी धरून ओढत आणलं होतं. पोरगेलासा गडी होता, पोचू नाव. दारात बसलेली मनकर्णा दिसताच तो पांढराफटक पडला.

"बाई, मले काय माईत," तो हात जोडून म्हणाला. "बाहेरून कुलूप होतं. मले वाटलं खाली हाये."

श्रावणने हात उगारला. "माही बायको मेली असती, हरामखोर!"

"थांबा," मनकर्णा म्हणाली.

"याले मी..."

"थांबा म्हन्तो ना." तिने त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात अशी नजर श्रावणने पाहिली नव्हती. "तो विचारून राह्यला होता. भिंतीवर थाप मारून विचारत होता. मी सांगत होती, त्याले समजलं नाई. दार उघडं असतं तं दिसली असती मी. कुलूप कोनं लावलं?"

श्रावणचा हात खाली आला. "तुह्या भल्यासाठीच लावलं ना. कोनी घुसलं असतं तं?"

"दार उघडंच ठेवा म्हनलं होतं मी."

"मले आयकू नाई आलं."

"आलं होतं तुमाले."

त्याने मान फिरवली. गोकुळा गाईला शोधायला म्हणून बाजूला झाली, पोचू मातीत टाच घासत राहिला. श्रावण घरगाडीच्या चाकाशी उकिडवा बसला. मग तोंड न वळवता म्हणाला, "जागा मांगून मांगून थकलो मी. कोनी हो म्हनत नाई. तुह्यासाठी निंगालो, अन् तुलेच कोंडलं." त्याचे खांदे हलू लागले. मनकर्णाला त्याची दया आली, रागही गेला नाही. दोन्ही तिच्यात शेजारी शेजारी बसले होते. ती त्याला उगी म्हणाली नाही.

त्या दिवशी गोकुळाने त्यांना तळ्याच्या पाळीवर नेलं. पोचूनेच पुन्हा ट्रॅक्टर आणला आणि या वेळी बैलगाडीच्या चालीने ओढत नेलं. गोकुळाचा नवरा उमाजी जाळं वाळवत होता. त्याने पाहुणे कोण, कुठले, काही विचारलं नाही, पण त्याच्या म्हाताऱ्या चुलत्याने विचारलं, आणि उत्तर ऐकून उठून गेला. गोकुळाने मासळीचं कालवण वाढलं. चुलता जेवायला आला नाही. उमाजी खालमानेने जेवत राहिला. मनकर्णाने ते सगळं पाहिलं. श्रावणने फाटलेली कडी काढून फेकली आणि दाराला आतून लावायचा, डाव्या हाताने सरकेल असा अडसर बसवला.

जीप दुरुस्त झाल्यावर निघायच्या वेळी मनकर्णा म्हणाली, "मी पुढं बसन. तुमच्या बाजूले."

"पडशीन. तुले तोल नाई सांभाळत."

"बांधा मले."

बरीच वादावादी झाली. शेवटी गोकुळाने एक जुनं लुगडं दिलं, आणि श्रावणने तिला जीपच्या पुढच्या सीटला, पोटावरून आणि खांद्यावरून, बांधलं. पहिल्याच खड्ड्यात ती कलंडली आणि कपाळ काचेला लागून टेंगूळ आलं. त्याने गाडी थांबवली. "चला," ती म्हणाली.

आरमोरीला पोचेपर्यंत सूर्य कलला होता. रस्त्यालगत भाताची गिरणी होती, पुढे प्रशस्त आवार. श्रावण उतरायला लागला, तशी ती म्हणाली, "मालकाले इथी बोलवा. मी बोलतो."

मालक आला. मनकर्णाने विचारलं. त्याला काही कळलं नाही, त्याने श्रावणकडे पाहिलं. श्रावण तोंड उघडणार तोच तिने डावा हात वर केला, आणि पुन्हा, हळूहळू, सगळं सांगितलं: आम्ही माजरीचे रामटेके, मला लकवा आहे, एक रात्र थांबायचं, पाणी हवं. तोंडातून लाळ ओघळली, ती तिने पदराने पुसली आणि वाक्य पुरं केलं. मालक अवघडून उभा होता. आडनाव त्याने ऐकलं होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. पण दोन फुटांवरून डोळ्यांत बघणाऱ्या बाईला पाहुण्यांची थाप मारणं त्याला जमलं नाही.

"राहा ना," तो शेवटी म्हणाला. "पन तिकडं, मागं. तुसाच्या ढिगापाशी. विहिरीवर मातर येऊ नोका, पानी गडी आणून देईन."

श्रावणने मान डोलावली. अंधार पडायला आला होता, तो पार गळून गेला होता. तुसाचा ढीग तर तुसाचा ढीग.

"नोको," मनकर्णा म्हणाली. "चला पुढं."

"अवं, पुढं कुठी? रात होऊन राह्यली."

"आपल्या हातानं पानी घेऊ देईन तिथी थांबू."

"अन् नाई भेटली तशी जागा तं?"

तिचं कपाळ ठणकत होतं, लुगड्याची गाठ बरगडीत रुतत होती. गिरणीमालक अजून तिथेच उभा होता, काही बोलावं की नाही अशा चेहऱ्याने. श्रावणने त्याच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि रागाने दार आपटून जीप सुरू केली. ते ब्रह्मपुरीच्या रस्त्याला लागले.

जागा त्यांना मिळाली ती रस्ता खोदणाऱ्या मजुरांच्या पालांपाशी, धुळीत, डांबराच्या पिंपांमध्ये. विहीर नव्हती, टँकरचं पाणी होतं. सोमारी नावाच्या मजूर बाईने बादली पुढे केली आणि म्हणाली, "घे ना, बाई, लागन तेवढं." श्रावणने बादली भरली. मनकर्णाने अजून गाठ सोडू दिली नव्हती. ती तशीच पुढच्या सीटवर बसून, पालांमधल्या चुली एकामागून एक पेटताना बघत राहिली.